दिवसा हॉल कामावरच्या माणसाचा

लोकांना त्यांचं काम विचारणं हेच माझं काम. सर्व्हेवाली बाई मी, कंत्राटावरची. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, आज मुलुंड तर उद्या अंधेरी. घरात माणसं किती, कोण काय करतं, गेल्या आठवड्यात कुणी काम केलं, कुणी शोधलं आणि कुणाला मिळालं नाही, हे सगळं विचारायचं. टॉवरमध्ये वॉचमन आत सोडत नाही आणि चाळीत चहा घेतल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. कुणी मला मच्छरवाली समजतं, कुणी इलेक्शनवाली. बोरिवलीला एका आजोबांना वाटलं, मी त्यांच्या नातवासाठी स्थळ घेऊन आलेय. त्यांनी पोराची अख्खी पत्रिका वाचून दाखवली. मीही ऐकून घेतली, मुलगा चांगला वाटला.

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या घाटकोपरच्या चाळीत शेंबडं पोरही सांगेल. कामावर असताना मी तो पर्समध्ये ठेवते. घरी आले की पर्स उघडते.

ट्रेनिंगला आमचे एक सर होते. ते म्हणायचे, देश वाढतोय हे टीव्हीवर रोज सांगतात, पण ती वाढ कुणाकुणापर्यंत पोचली हे बघायचं असेल तर आधी बघा, कुणाच्या हाताला काम आहे. त्याला ते सर्वसमावेशक वाढ म्हणायचे. मी घरी येऊन हा शब्द माझ्या जावेला ऐकवला.

"म्हणजे काय गं ताई?" ती म्हणाली.

"म्हणजे पंगतीत शेवटच्या पानावर पण वरण पडलं का, ते बघायचं."

"मग सरळ असं बोल ना! केवढा मोठा शब्द, वरणासाठी!"

ही माझी धाकटी जाऊ. आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. तिच्या खोलीत ती, माझा दीर, त्यांचा दहावीतला मुलगा आणि आमच्या सासूबाई. दीर एलबीएस रोडवरच्या मॉलमध्ये इलेक्ट्रिशियन. आणि जाऊ? जाऊ कानातल्यांना खडे चिकटवते. मालाडहून एक बाई माल घेऊन येते, पितळेचे सांगाडे, खड्यांच्या पुड्या, गोंदाच्या बाटल्या, आणि तयार झालं की घेऊन जाते. हिचा हात इतका साफ, की नवरीचे मोठे झुमके ती बाई हिच्याशिवाय कुणाला देत नाही. मलाही बघायला आवडायचं. चिमट्याने खडा उचलायचा, श्वास धरायचा, टेकवायचा आणि मग स्वतःशीच म्हणायचं, "बस इथे, हलू नको." झुमका पुरा झाला की उजेडात धरून हसायची. "ताई, हे कुणाच्या तरी हळदीत नाचणार बघ." मला असं समाधान टॅबमध्ये टिकमार्क करून कधी मिळालं नाही, खरंच सांगते.

गेल्या वर्षी हे सगळं बंद व्हायची वेळ आली. गोंदाचा वास उग्र. दहा बाय बाराच्या खोलीत पोराचा अभ्यास, स्वयंपाक आणि सासूबाईंचा बिछाना. सासूबाईंना खोकला लागला तो जाईचना. डॉक्टरांनी नुसतं नाक वर करून हुंगलं आणि म्हणाले, हे घरात चालणार नाही. सासूबाई बिचाऱ्या म्हणाल्या, "तिच्या कामाक काय बोला नकात, मीच भायर बसतंय." पण बाहेर म्हणजे गॅलरीत, किती वेळ बसणार? माझी खोली द्यावी, तर माझा नवरा सहारला एअरपोर्टच्या कार्गोत रात्रपाळीला. तो दिवसा झोपतो आणि असा घोरतो की खडे आपोआप उडतील. शेवटी जावेने मालवाल्या बाईला सांगितलं, दिवाळीचा माल झाला की मी थांबते. सांगितलं आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. तिला गप्प बघायची मला सवय नाही हो. 

तेव्हा मला हॉल आठवला.

आमच्या चाळीच्या अंगणात मंडळाचा हॉल आहे. गणपती, सत्यनारायण, साखरपुडे सगळं तिथेच. तो बांधला आमच्या सासऱ्यांच्या पिढीने. कोकणातून आलेले गडी, कुणी गिरणीत, कुणी एलबीएस रोडवरच्या कंपन्यांत. खोल्यांत बायका-पोरं आणि रात्रपाळी करून आलेल्याला पाठ टेकायला जागा नाही. म्हणून त्यांनी हॉल बांधला आणि रीत घातली: दिवसा हॉल कामावरच्या माणसाचा. रात्रपाळीवाल्याला तिथे झोपायचा पहिला हक्क. तो झोपलेला असताना अंगणात पोरांनी चेंडू आपटायचा नाही, बायकांनी भांडायचं नाही. गिरण्या गेल्या, कंपन्यांच्या जागी मॉल आला, झोपणारे गेले. उरला एक माझा नवरा, पण त्याला स्वतःच्या गादीशिवाय झोप लागत नाही. रीत तशीच राहिली आणि हॉल दिवसभर कुलूप लावून बसला, आत एक कॅरम आणि गणपतीचं मखर.

जाऊ आणि अशाच घरात काही ना काही करणाऱ्या बायका मिळून आम्ही मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्षकाका म्हणजे बँकेतून रिटायर झालेले, परीटघडीचा शर्ट घालूनच कचरा टाकायला निघणारे. माणूस वाईट नाही, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकताना त्यांना घाम फुटतो. त्यातून पोरांना हॉलमध्ये व्यायामशाळा हवी होती आणि एका साहेबांनी मशीनं देऊ केली होती.

काका म्हणाले, "रीत तुम्हाला ठाऊक आहे. कामावरचा माणूस आला असता तर मी पोरांना गप्प बसवलं असतं. पण तुम्ही तर घरीच असता."

पर्स उघडी होती माझी! मी म्हटलं, "काका, ह्या बायका काम करतात."

"असं तू म्हणतेस. मग होऊन जाऊ दे ना. तू सर्व्हेवाली आहेस. घरोघर जा, विचार, कोण कामावर आणि कोण घरी. सभेत सगळ्यांसमोर वाच. जे निघेल ते मला मान्य." वर मिशीतल्या मिशीत हसले.

मला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ. एवढी मुंबई पालथी घातली, आपली चाळ काय चीज आहे!

रविवारी सकाळी निघाले, सगळी घरी सापडतील म्हणून. तिथेच वाट लागली. रविवारी दार पुरुष उघडतो. "मी अमुक कंपनीत, पोरगा कॉल सेंटरला."

"आणि वहिनी?"

"ती? ती घरीच असते."

मागे वहिनी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरचं पुरण वाटतेय, मिक्सरच्या आवाजात मला त्यांचं 'घरीच' धड ऐकूही येत नाही! पुढच्या दारात एक बाई शेजारणींची तीन पोरं सांभाळते. एक कडेवर, एक पायाशी, एक माझ्या टॅबला लोंबकळतंय. ती स्वतःच म्हणाली, "काही नाही गं, मी रिकामीच." तिसरी साड्यांना फॉल-पिको करते, तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवली: नाही, काम नाही. मी रागाने लाल, पण सर्व्हेचा धर्म असा की समोरचा सांगेल तेच लिहायचं.

आणि शेवटी आमच्याच घरी आले. दीर दारात. मी रीतसर विचारलं, "भावोजी, घरात कामावर कोण?"

"मी एकटाच, वहिनी. तुम्हाला काय माहीत नाही?"

"आणि ही?"

भावोजींनी नजर जमिनीला लावली. "ही घरीच असते."

मी जावेकडे बघितलं. म्हटलं, बोल गं, आता तरी तोंड उघड. बोटांना गोंद चिकटलेला, गाऊनला खडा लागून चमकतोय, आणि बाई काय म्हणाल्या? "हो ताई, घरीच असते मी."

बोलणाऱ्याचे कुळीथ विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आमच्याकडे म्हणतात. इथे तर गहूवालीच म्हणत होती, माझ्याकडे गहू नाहीतच! मी टॅब बंद केला आणि घरी जाऊन नवऱ्यावर ओरडले. तो झोपेत होता, म्हणून वाचला.

काकांना बातमी लागलीच. अंगणात भेटले तेव्हा म्हणाले, "काय सूनबाई, आकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, "आकडे म्हणतात, चाळीत पुरण आपोआप वाटलं जातं." ते खो खो हसले. मला हसू आलं नाही. सभा पुढच्या रविवारी आणि मालवाल्या बाईला जावेने 'थांबते' असं सांगितलेलं.

त्या आठवड्यात माझा सर्व्हे सकाळचाच होता. मधल्या एका दुपारी जावेने मला हाक मारली. "ताई, जरा मानेला बाम लाव ना. वर होत नाहीये." मी चोळत होते आणि सहज विचारलं, "एवढी कशाने गं दुखली?"

"अगं, कशाने काय! सकाळी डबे झाले की बसले ते मान खाली घालून. मध्ये आईंना जेवायला दिलं, परत बसले. उद्या माल न्यायला येणार ना ती. आणि ह्या वेळी खडे इतके बारीक दिलेत, डोळे फुटायची पाळी. काल पण असंच, परवा पण."

माझा हात मानेवरच थांबला. काय काम करतेस विचारलं की काही नाही, आणि काय दुखतं विचारलं की सगळा आठवडा बाहेर! आमच्या सरकारी सर्व्हेचा नियमच आहे, आठवड्यात तासभर जरी काम केलं तरी माणूस कामावर धरायचा. इथे तर मान सुद्धा वर होत नव्हती.

"मेले, हेच रविवारी बोलायला काय झालं होतं?" असं म्हणून मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आई गं! तिथेच दुखतंय!"

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी फिरले, पुरुष कामावर असताना. टॅब न घेता, बामची डबी घेऊन. दारातून आत जायचं, बूड टेकायचं आणि विचारायचं, "काय दुखतं गं तुझं?" बायकांना हे आजवर कुणी विचारलंच नसावं. पुरणवालीचे खांदे, पिकोवालीची पोटरी, कारण मशीन पायाचं. पोरं सांभाळणारीने कंबर दाखवली आणि सांगितलं, मोठा उचलून घेतल्याशिवाय झोपतच नाही, आणि त्याची आई ऑफिसातून येईपर्यंत मला बाथरूमलाही जाता येत नाही. "आणि तू रिकामी?" मी विचारलं. ती इतकी हसली की पोरं पण हसायला लागली. हळूहळू एकीच्या घरात चारजणी जमायला लागल्या. कुणाचं जास्त दुखतं ह्यावर चढाओढ, चहा, कुणीतरी आणलेली शंकरपाळी. दुखण्यांची एवढी मजा मी आयुष्यात केली नव्हती. अध्यक्षकाकूंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "माझे कान दुखतात. ह्यांचं ऐकून ऐकून."

सभेला हॉल भरला. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर, व्यायामवाली पोरं दंड दाखवत दाराशी. मी उभी राहिले आणि घर-घर वाचलं: कोण काय बनवते, दिवसातला कुठला वेळ, कुणासाठी. प्रत्येकीचं वाचताना सतरंजीवर खुसखुस. जावेचं वाचलं तेव्हा मालाडची बाई काय म्हणते तेही सांगितलं, की तिच्यासारखा हात दुसरा नाही. मग म्हटलं, "काका, रीत तुमची. ह्या कामावरच्या आहेत. दिवसा हॉल ह्यांचा. आमच्या घरी तर आईंचा खोकला आहे. हॉल नाही मिळाला तर हिचं काम दिवाळीला संपलं."

काकांनी चष्मा सारखा केला. "वाचलंस छान. पण गेल्या रविवारी तुझ्याच दिराने, तुझ्या तोंडावर, घरीच असते असं सांगितलं. हिनेही सांगितलं. आज तू दुसरंच वाचतेस. खरं कुठलं? तू सांग रे, तुझी बायको कामावर आहे की नाही?"

भावोजी उठले. सगळ्या माना त्यांच्याकडे. ह्या माणसाला मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. मित्रांसमोर तो मेला तरी म्हणणार नाही की घरात बायकोचा हातभार आहे. त्याने घसा खाकरला.

"तुम्ही बसा हो," मागून आवाज आला. जाऊ उभी होती. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "काका, त्यांना कशाला विचारता? मान माझी दुखते."

हॉलमध्ये एकच हशा. तिला वाटलं आपलं काही चुकलं. मी खूण केली, बोल, थांबू नको.

"मी काम करते," ती म्हणाली. "गेल्या रविवारी नाही बोलले, कारण आपल्यात बाई असंच म्हणते. माझी आई पण म्हणायची, आणि ती तर आंब्याच्या बागेत राबायची. पण मला हे काम आवडतं, काका. मला ते सोडायचं नाहीये." आणि एवढं बोलून ती मटकन खाली बसली.

भावोजी अजून उभेच होते. म्हणाले, "मला लाज वाटली होती. बायको खडे चिकटवते म्हटलं की लोक म्हणणार, ह्याचं एकट्याचं भागत नाही. तर नाहीच भागत. पोराचा क्लास तिच्यावर चालतो. वहिनी, माझं उत्तर बदला."

 मग पोरं सांभाळणारी उभी राहिली आणि म्हणाली, "माझं पण बदल गं!" आणि मग पिकोवाली, पुरणवाली, एकामागून एक. व्यायामवाल्या पोरांपैकी एकाने शिट्टी वाजवली, त्याचीच आई उठली होती. काकांनी घाम पुसला. ज्या नियमाचा त्यांना आधार, तोच त्यांच्या विरुद्ध गेला होता! पण माणूस शब्दाचा पक्का. "दिवसा हॉल कामावरच्या माणसांचा," ते म्हणाले. "व्यायाम पहाटे आणि संध्याकाळी. मंजूर?" सगळ्यांनी हात वर केले. माझ्या जावेला तर मान दुखत असूनही दोन्ही हात वर करावेसे वाटले. मी मात्र रडले. रागीट बायका रडताना फार वाईट दिसतात असं माझा नवरा म्हणतो, आणि त्या दिवशी तो जागा होता.

सोमवारी सकाळी मी कामावर निघाले होते, विक्रोळीला. गॅलरीत चपला घालत होते, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. जाऊ बाहेर आली. रोज ती गाऊनवर असते. त्या दिवशी तिने इस्त्रीचा ड्रेस घातला होता, केस विंचरून क्लिप लावली होती, टिकली नवी. हातात खड्यांची पिशवी. हॉल समोरच अंगणात, हाक मारली तर ऐकू येईल असा. तरी बाईने चपला घातल्या, पोराला सांगितलं की दार ओढून घे, आणि आतल्या दिशेने जरा मोठ्याने म्हणाली, "आई, मी कामाक जातंय."

माझ्याकडे बघून लाजली. मी चपलेचा पट्टा उगाच दोनदा लावला. ती जिना उतरून अंगणात पोचली.

आणि आतून सासूबाई आल्या, भिंतीचा आधार घेत, खोकत, जमेल तेवढ्या भरभर. हातात स्टीलचा डबा, त्यांनी स्वतः भरलेला. ह्या घरात माझ्या नवऱ्याचा, दिराचा, पोराचा, इतकंच काय माझासुद्धा डबा आजवर जावेने भरला होता. तिचा कधी कुणी भरला नव्हता, ती जायचीच नाही ना कुठे. जेवायला तर आजही घरी येता आलं असतं. सासूबाईंनी कठड्यावरून वाकून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक मारली:

"अगो, डबो ऱ्हवलो तुझो!"